मोकळ्या खिळ्यांची भिंत

हमीदभाई, भांडण अर्धं टाकून माणूस चहाला जातो, फार तर तंबाखू मळायला बाहेर जातो. तुम्ही पार देवाघरीच निघून गेलात. ही काय रीत झाली? माझं उत्तर तयार होतं. तीन दिवस मी ते घोकत होते. चौथ्या दिवशी येऊन ते तुमच्या तोंडावर फेकणार होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या दुकानवाल्याचा फोन आला की पेंटर गेले.

तेव्हापासून महिनाभर तुमच्याशी मनातल्या मनात बोलतेय. पण काल जे घडलं ते मनात मावेना, म्हणून वही घेऊन बसले. लोक म्हणतील, ड्रॉइंगच्या बाई रिटायर झाल्या आणि डोक्यानं गेल्या, मेलेल्या माणसाला पत्रं लिहितात. म्हणू देत. आपल्याबद्दल आष्टीत लोक काय काय म्हणाले नाहीत?

भांडण कशावरून होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण हे तिसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. मुंबईच्या एका बड्या संस्थेला आपली कोयत्यांची भिंत कायमची हवी होती, आणि तिच्यासोबत आपला ‘गाळा’ही. मी म्हणत होते देऊन टाकू, तुम्ही म्हणत होतात द्यायचं नाही. दसऱ्यापर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. तुम्ही नाही म्हणून उठून गेलात आणि उत्तर माझ्या गळ्यात टाकून गेलात. मी काय केलं ते शेवटी सांगते, मध्येच पान उलटू नका.

आठवतं का, मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची पाटी रंगवून घ्यायला. बसस्टँडमागचा तुमचा गाळा, दारावर ‘हमीद पेंटर’ अशी पिवळी अक्षरं, त्यांना लाल शेड. फ्लेक्स आला आणि आष्टीतली सगळी दुकानं बघता बघता तुमच्या हातून गेली. तरी तुम्ही स्टुलावर बसून टर्पेंटाइनमध्ये कोरडे ब्रश धूत होतात. मी म्हटलं, काम नाही तर ब्रश कशाला धुताय? “हात गप बसू देत न्हाई ओ बाई,” तुम्ही म्हणालात. मला एकदम माझ्या पलंगाखाली वीस वर्षं पडलेली चित्रं आठवली. शाळेत जन्मभर पोरांना आंबा आणि घागर काढायला शिकवली, घरी येऊन रात्रंदिवस जे मनात होतं ते रंगवलं आणि पलंगाखाली सारलं. पुण्याच्या प्रदर्शनाला दोनदा पाठवली, दोनदा परत आली. तुमच्या भिंती रिकाम्या होत्या, माझा पलंग भरला होता. एवढ्यावर आपली संस्था निघाली.

संस्था म्हणजे काय, तर एक शटर, दोन स्टुलं, एक शिडी आणि आपण दोघं भांडखोर. नावसुद्धा आपण ठेवलं नाही. लोक एकमेकांना विचारायचे, “पेंटरच्या गाळ्यात आता काय लावलंय रे?” तेच नाव पडलं.

पहिल्या उद्घाटनाची तर आठवण काढली तरी माझे कान लाल होतात. तालुक्याचे एक साहेब बोलावले होते. त्यांच्या माणसांनी त्यांचा एवढा मोठा फ्लेक्स लावला की गाळ्याचं दारच झाकलं गेलं. साहेबांनी फीत कापली, पाण्याच्या योजनेवर भाषण केलं, आणि चित्रांकडे पाठ करून फोटो काढून गेले. त्यांच्यामागे सगळी गर्दी गेली. आत उरलो तुम्ही, मी आणि पेढ्यांचा बॉक्स. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, त्याची नीट घडी घातली आणि म्हणालात, “छपरावर टाकू. पाऊस लागंना तरी.” खरंच टाकला आणि गळती थांबली. त्यानंतर आपण कधीच कुणाकडून फीत कापून घेतली नाही.

मग तुमचा तो नियम. पुण्याहून एक तरुण चित्रकार आला होता, नाव काढत नाही, आता मोठा झालाय. त्यानं चित्रांसोबत दोन पानांचं टिपण आणलं होतं आणि येईल त्याला तो ते वाचून दाखवायचा. बाजाराच्या दिवशी आलेली माणसं दारातूनच मागं फिरायला लागली. तुम्ही दुपारपर्यंत बघितलं, मग ते टिपण त्याच्या हातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारलं. “पाटी रंगवली की पेंटर तिच्या शेजारी उभा ऱ्हाऊन मतलब सांगत न्हाई. वाचनारा वाचतो. तुमी बसा हितं, गप.” बिचारा बसला. त्या दिवसापासून गाळ्यात रीतच पडली: चित्र ज्याचं, त्यानं स्टुलावर गप बसायचं, बघणाऱ्यानं बोलायचं, सगळं बोलून झालं की मग चहा.

त्याच दिवशी गयाबाई आत आल्या. जवळच्या वाडीच्या, नवरा वारलेला, दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या. हातात भाजीची पिशवी. त्या काळ्या-तांबड्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फड पेटलाय ह्यो. पर ह्या कोपऱ्यात कुनी तरी आडकलंय.” पोरगा खाली मान घालून बसला होता, त्यानं एकदम वर बघितलं. चहाच्या वेळी मला म्हणाला, बाई, कोपऱ्यात मी कुणाला लपवलंय ते माझ्या घरच्यांनासुद्धा ठाऊक नाही. पुढं त्याचं नाव झालं, पण अजूनही नवं चित्र झालं की आधी इकडं घेऊन येतो. “गयाबाई हायत का गावात?” हा त्याचा फोनवरचा पहिला प्रश्न असतो.

माझं सांगणं एवढंच असतं, आणि ते मी तुमच्याकडूनच शिकले. चित्र मोठ्या दालनात पोचतं तेव्हा त्याचं नाव झालेलं असतं. नाव व्हायच्या आधी त्याला कुठंतरी उभं राहायला, चुकायला, लोकांनी नाक मुरडायला जागा लागते. ती जागा आपल्यासारख्या चिमूटभर संस्थांकडंच असते. मोठ्यांना चूक परवडत नाही, आपल्याकडं दुसरं काही परवडतच नाही. बडोद्याच्या त्या पोरीनं आठ दिवस खपून बाजरीच्या कणसांचा केवढा गालिचा विणला होता, आणि गयाबाईंच्या शेळीनं तो भरदुपारी अर्धा खाल्ला! मी डोकं धरून बसले. पोरगी आधी रडली, मग हसायला लागली, मग उरलेला गालिचा तिनं दारात नेऊन ठेवला आणि गावातल्या सगळ्या शेळ्यांना बोलावणं केलं. त्या दिवसाची आठवण आष्टीत अजून काढतात. कुठल्या मोठ्या दालनात हे होणार होतं, सांगा बरं.

आता भिंतीचं. ती सुरुवात गयाबाईंनीच केली. एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, “पुन्याचं लावता, बडोद्याचं लावता. आमचं कायबी लावन्याजोगं न्हाई का?”

“काय हाय तुमच्याकडं?” तुम्ही विचारलंत.

“काय आसनार? कोयता हाय.”

“मग आना की.”

आमच्याकडं ऊसतोडीच्या माणसांना कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई असेल तर मुकादम म्हणतो, अर्धा कोयता. गयाबाई बारा हंगाम अर्ध्या होत्या. त्यांनी आपला कोयता आणला, मग वाडीतल्या दुसऱ्यांनी आणले, आठवड्यात भिंत पुरेना झाली. प्रत्येक कोयत्याची मूठ वेगळी. कुणाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, कुणाला सायकलच्या ट्यूबचा रबर, एकाला तर चक्क पोराच्या शाळेच्या टायचा पट्टा. तुम्ही सुतळीला खडू चोळून भिंतीवर रेघा मारल्या, खिळे ठोकले, आणि प्रत्येक खिळ्याखाली दुकानाच्या पाटीसारखं नाव लिहायला घेतलं. जाड अक्षर, लाल शेड, सगळं साग्रसंगीत. मुकादमाच्या वहीत गड्याचं नाव असतं. तुम्ही जोडीतली दोन्ही नावं लिहिलीत, आणि बाईचं आधी. गयाबाईंचं नाव सगळ्यांत मोठं काढलंत.

“आर्द्या कोयत्याला येवडी मोठी आक्षरं?” त्या हसत म्हणाल्या.

“एकट्या मालकाचं दुकान आसलं की पाटी मोठीच लागती,” तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात. त्यांचं हसू थांबलं. त्या दिवशी चहाही न घेता गेल्या.

आणि मग माझी चूक. शाळेला नवरात्रात सुट्टी म्हणून मी मुंबई-पुण्याच्या लोकांना नवमीला दुपारी बारा वाजता बोलावलं. तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई मी, पंचांग भिंतीवर टांगलेलं, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही की ही खंडेनवमी आहे. घरोघर अवजारं पुजायचा दिवस. सकाळी आठला बायका दारात हजर. “बाई, कोयते द्या. पुजायचेत.” मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, अगं बायांनो, उद्या न्या, संध्याकाळी न्या, आज मोठी मोठी माणसं यायचीत. एक जण फटकन म्हणाली, “मंग आमी काय पुजायचं, लाटनं?”

मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही तरी सांगाल म्हणून. तुम्ही शिडी लावलीत. एकेक कोयता काढून एकेकीच्या हातात द्यायला लागलात, आणि वर मलाच म्हणालात, “बाई, कावून वाट आडवताय? ज्याचं हाय त्यो नेतोय.” मी इतकी संतापले होते हमीदभाई, की तुमची शिडी ओढावीशी वाटली होती. आज सांगते.

बाराला पाहुणे आले तेव्हा भिंतीवर नावं होती आणि खिळे होते. बस. मी घाम पुसत माफी मागत होते. तुम्ही निवांत. कुणीतरी विचारलं, कोयते कुठायत? “घरी गेलेत, सणाला,” तुम्ही सांगितलंत. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, आपला गाशा गुंडाळायची वेळ आली.

तीन वाजता गयाबाई आल्या. मग एकेक करत सगळ्या. कोयत्यांना हळदकुंकू, मुठीला झेंडूचं फूल. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी या म्हटलं नव्हतं. प्रत्येकीनं आपलं नाव शोधलं आणि आपल्या हातानं कोयता टांगला. जिला अक्षरओळख नव्हती तिनं तुम्हाला विचारलं, “पेंटर, मी कुठशीक हाय?” तुम्ही दाखवलंत. तिनं नावावरून बोट फिरवलं, ओला रंग असल्यासारखं जपून. मुंबईची एक लेखिका भिंतीला टेकून खाली बसली ती उठेचना. मी तुमच्या शेजारी उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत.

तेव्हापासून दरसाल तेच. खंडेनवमीला पूजा करून कोयते भिंतीवर यायचे, ऊसतोडीला न्यायच्या गाड्या लागल्या की उतरायचे, आणि हंगामभर नावांवर मोकळे खिळे राहायचे. हिवाळ्यात बाहेरचं कुणी आलं आणि म्हणालं इथं तर काहीच नाही, की तुमचं उत्तर ठरलेलं: “हायेत की. कामाला गेलेत.” उन्हाळ्यात माणसं परतली की कोयते पुन्हा वर. दरसाल नवी जोडपी यायची, नवे खिळे, नवी नावं.

त्याच भिंतीसाठी मुंबईचं पत्र आलं. त्यांच्या नव्या इमारतीत एक दालन. कोयते ते नवे करून घेणार, पक्के बसवणार, नावं तुम्ही येऊन लिहायची, खाली तुमचं-माझं नाव. गाळाही त्यांच्या हाताखाली जायचा. काय लावायचं, कधी लावायचं ते तिकडं ठरणार. माणसं वाईट नव्हती हो, आजही मी तसं म्हणणार नाही. पत्रात आपुलकी होती. मला आनंदानं झोप आली नाही. पुण्यानं दोनदा परत पाठवलेली बाई मी!

आणि भीतीही होती, ती तुम्हाला सांगितली. म्हटलं, हमीदभाई, माझे गुडघे गेले, तुमची छाती दुखते. आपल्यामागं हे शटर कोण वर करणार? एक दिवस इथं मोबाईलचं दुकान होईल आणि ही नावं चुन्याखाली जातील. तिकडं निदान राहतील तरी.

“खिळा मोकळा ऱ्हातो म्हनून ती भिंत हाय बाई. कोयता उतरतच न्हाई तर ते हार्डवेअरचं दुकान झालं.”

“अहो पण आपण मेल्यावर?”

“आपन मेलो की मेलो. ज्यांची नावं हायत ते बघतील.”

“कोण बघतंय! सहा महिने फडावर असतात ते.”

असं दोन तास. शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, “जन्मभर पाट्या रंगवल्यात तुम्ही, कलेच्या संस्थेतलं तुम्हाला काय कळतंय!”

हे मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही. तुम्ही ब्रश धुतलात, टोपी घातलीत आणि म्हणालात, “बरोबर हाय, बाई.” आणि गेलात. शटर लावायला थांबला नाहीत. घोकलेलं उत्तर-बित्तर सगळं खोटं आहे हमीदभाई. खरं तर मला माफी मागायची होती, आणि ती मागायला तोंड उघडत नव्हतं म्हणून मी तीन दिवस मुद्दे गोळा करत बसले. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा मूर्खपणा तो. चौथ्या दिवसाची वाट कशाला बघायची, चार गल्ल्या तर अंतर होतं.

तुमची मय्यत उचलली तेव्हा मी रझियाभाभींजवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “बाई, उस दिन घर आको खाना नहीं खाए. पूछी तो बोले, आज बाई से हार गया.” तिथंच भुईनं मला पोटात घ्यायला हवं होतं.

मग मी ठरवलं की आता होयच कळवायचं. तुमच्याशिवाय ती भिंत उभी राहणार नाही, म्हणजे माझंच बरोबर होतं, असं मी मनाला बजावत होते. त्यांनी भिंतीची मापं मागितली होती. खंडेनवमीला सकाळी टेप घेऊन मी गाळ्यावर गेले, आणि बघते तर शटर उघडं.

आत बायकाच बायका. पहाटेच कोयते नेऊन, पूजा उरकून आलेल्या. गयाबाई शिडीवर उभ्या. त्या भाभींना भेटायला गेल्या होत्या तेव्हा भाभींनीच त्यांच्या हाती किल्ली दिली होती. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत, चार महिने घराबाहेर पडणार नाहीत, पण खंडेनवमी त्यांच्या लक्षात होती. माझ्याच नव्हती, पुन्हा एकदा! मला बघून गयाबाई म्हणाल्या, “बऱ्या आलात. शिडी धरा. आन् दोन नवी जोडपी हायत, नावं लिवायचीत.”

“कोण लिहिणार?”

“तुमी. ड्रॉइंगच्या बाई हाव न्हवं?”

मी टेप पिशवीत टाकला आणि तुमचा ब्रश घेतला. पट्टी लावून शिरोरेघ मारली, मोठ्या ऐटीत. मागं सरून बघते तर रेघ घसरलेली. तुमच्या भिंतीला मध्ये पोट आहे, पट्टीनं मारली की वाकडीच दिसते. खिळ्यांच्या रांगा तुम्ही सुतळीनं आखायचात, पण शिरोरेघ नजरेनं मारायचात, हे मी इतकी वर्षं शेजारी बसून बघितलंच नव्हतं. शेड तर अशी आली की नावाला सूज आल्यासारखी. नवी नवरी म्हणाली, “आवं बाई, माझं नाव उतरनीला लागलंय!” सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. हसता हसता रडायला लागले आणि तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी पेंटरला काय बोलले ते. शब्दानं शब्द.

गयाबाई शिडीवरून उतरल्या. मला वाटलं, आता धीर देतील. कसला धीर! म्हणाल्या, “लई वाईट बोललात. आता पेंटरचं नाव लिवा. चुकलं तर पुसा, पुन्हा लिवा. आमी बसलोय.”

चार वेळा पुसलं. सकाळची दुपार झाली. पाचव्या वेळी पट्टी फेकली, नजरेनं रेघ मारली, आणि ‘हमीद पेंटर’ ही अक्षरं उभी राहिली. पिवळी, लाल शेड. तुमच्याइतकी नाहीत; पण दारातून वाचता येतात. कुणीतरी म्हणालं, खाली काय टांगायचं? एक म्हणाली, ब्रश टांगा. गयाबाईंनी नुसता खिळा ठोकला. “मोकळाच ऱ्हाऊ द्या. कामाला गेलेलं मानूस हाय.”

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी मुंबईला कळवलं. लिहिलं की तुमचे उपकार आहेत, पण भिंत देता येत नाही, कारण ती आमची नाही. तिचे मालक सहा महिने फडावर असतात, आणि त्यातल्या बायकांना विचारलं तर त्या म्हणतात, बघायचं असेल तर इकडं या. गाळाही देता येत नाही. इथं काय लावायचं ते इथल्या बाजारात चहा पिता पिता ठरतं, आणि ते तसं ठरणं थांबलं तर तुम्हाला दुसऱ्यांदा इकडं येण्याजोगं काही उरणार नाही. पुढच्या खंडेनवमीला जरूर या, तीन वाजता या, बाराला येऊ नका. खाली सही केली आणि तुमचं नाव घातलं. कुठल्या हक्कानं घातलं, म्हणाल? हरलेल्या माणसाच्या हक्कानं.

पण मघाची भीती गेली नव्हती हमीदभाई. कळवून टाकलं खरं, पण शटरचं काय? गाड्या लागल्या की बायका जाणार, भाभी घरात, मी गुडघ्यांवर पट्टे बांधून किती दिवस ओढणार? गाळा सहा महिने बंद राहिला की संपला. नकार कळवून मी तुमचं मन राखलं आणि गाळा बुडवला, असंच मला आठ दिवस वाटत होतं.

काल गाड्या लागल्या. सकाळपासून कोयते उतरत होते. बायका चिंध्या घट्ट करत होत्या, पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढत होती. मी स्टुलावर बसून एकेक खिळा मोकळा होताना बघत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आजचा हा शेवटचा दिवस. भिंत सगळी उतरली. एक कोयता राहिला.

“गयाबाई, तुमचा?”

“ऱ्हाऊ द्या.”

“अहो गाडी सुटेल.”

“सुटू द्या की. पोरगं दोन सालं म्हनतंय, आई नगं जाऊ. शेळ्या हायत, शाळंत खिचडी शिजवायचं काम हाय, भागतंय माझं. आन् हितं कोन उगडनार शटर? तुमी? आदी गुडघे बगा आपले!”

बाहेर मुकादमानं हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा. गयाबाई दारात गेल्या आणि शेळी हाकलावी तसा हात हलवला. गाडी निघून गेली. इतक्या हंगामांनंतर गयाबाई आष्टीत राहिल्या, आणि हे त्यांनी मला सांगितलं सुद्धा कसं, पदराच्या गाठीत किल्ली बांधता बांधता.

तुम्ही म्हणायचात, कोयता उतरला तरच ती भिंत खरी. मी म्हणायचे, कायम राहिला तरच ती टिकेल. दोघंही काय तोंड वर करून भांडत होतो! ज्यांचे कोयते त्यांना विचारायचं तेव्हा आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अख्ख्या मोकळ्या भिंतीवर आता एकच कोयता आहे, आणि तो कुणी पक्का बसवलेला नाही. ज्या बाईचा आहे तिला आता तो लागत नाही, म्हणून तो तिथं आहे.

आज अकराला मी पोचले तर शटर वर होतं. अहिल्यानगरहून कुणी दोघं कॉलेजची पोरं आली होती आणि भिंतीसमोर उभी होती. इथं तर काहीच नाही, त्यातला एक म्हणाला. गयाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, “वाचता येतंय का? मंग वाच. एकेक नाव, मोट्यानं.” तो वाचायला लागला. हमीदभाई, तो सगळी नावं वाचेपर्यंत आम्ही दोघी गप बसलो होतो, आणि मग मी चहा टाकला.